अंड्यावरची जुनी कोंबडी : आजार ओळखा, वेळेवर उपाय करा



ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे पीक. आडसाली लावणीचा ऊस तर दीड वर्ष रानात उभा असतो. त्याचा पैसा येतो तो एकदम, आणि आला की सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, लग्नकार्य यांत जिरून जातो. मधल्या काळात घरातला मीठमिरचीचा आणि पोरांच्या वह्या-पेन्सिलींचा खर्च कोण भागवते? ज्यांच्या दारात दुभते आहे त्यांचे दूध भागवते, आणि ज्यांच्याकडे तेही नाही त्यांची कोंबडी भागवते. हा पैसा बहुतेक करून घरच्या लक्ष्मीच्या हातचा असतो. त्याची नोंद कुठल्या पासबुकात होत नाही, पण घर चालते ते त्याच्यावर.

बदनापूर भागात कोणत्याही वस्तीवर जा, पाच-दहा कोंबड्या उकिरड्याभोवती चरताना दिसतील. त्यांत दोन-तीन हमखास जुन्या असतात. दोन वर्षांच्या, तीन वर्षांच्या. त्यांतली एखादी एके दिवशी कोपऱ्यात पिसे फुगवून बसते. घरात म्हणतात, "म्हातारी झाली, तिचं संपलं आता." मग तिला कापतात, नाहीतर येत्या बाजारात विकून मोकळे होतात. या दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. पुष्कळदा तो आजार साधा असतो आणि दोन दिवसांच्या काळजीने कोंबडी उठते. काही वेळा तो साथीचा असतो. तेव्हा कापलेली किंवा बाजारात नेलेली एक कोंबडी सगळ्या गावाच्या कोंबड्या संपवते. या दोहोंतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा, ते या लेखात पाहू.

अंडे थांबले म्हणजे आजार नव्हे

कोंबडी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. देशी कोंबडी थोडी उशिरा येते. पहिल्या वर्षी अंडी सर्वांत जास्त मिळतात, पुढे दरवर्षी कमी होत जातात. कोंबडी पाच ते आठ वर्षे सहज जगू शकते, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिल्या वर्षाइतकी अंडी मागणे म्हणजे चौथ्या खोडव्याकडून लावणीचा उतारा मागण्यासारखे आहे.

वयाशिवाय आणखी दोन कारणांनी चांगली धडधाकट कोंबडी अंडी थांबवते. पहिले कारण खुडूक होणे. खुडूक कोंबडी खुराड्यात ठाण मांडते, जवळ गेले की अंग फुगवून गुरगुरते, चोच मारते. ती तरतरीत असते, तिच्या डोळ्यांत पाणी असते. आजारी कोंबडी हात लावला तरी निमूट राहते. दुसरे कारण पिसे टाकणे. दिवस लहान होऊ लागले की जुनी कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घेते. या कामाला दोन ते तीन महिने लागतात. त्या काळात ती ओकीबोकी दिसते, तुरा आक्रसतो, अंडे बंद होते. तिला औषध नको, खुराक हवा. पिसे प्रथिनांची बनलेली असतात, म्हणून शेंगदाणा पेंड, हरभऱ्याची चुणी, किडे-अळ्या असे काही पोटात गेले पाहिजे.

खुडूक नाही, पिसेही टाकत नाही, पण बसून आहे, खात नाही, डोळे मिटते, पंख लोंबतात, तर मात्र ती आजारी आहे असे समजावे. यात एक गोम आहे. कोंबडी आपला आजार शेवटपर्यंत लपवते. कळपात जी दुबळी दिसते तिला बाकीच्या टोचून काढतात, म्हणून ती उसने अवसान आणून चरत राहते. आपल्या डोळ्यांना ती आजारी दिसते तेव्हा आजाराला बहुधा दोन-तीन दिवस होऊन गेलेले असतात. म्हणून "उद्या बघू" म्हणू नये.

आधी मोजा : एक की अनेक?

आपल्या बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीसाठी नावाजलेले आहे. मर रोगाला दाद न देणारे तुरीचे वाण इथून निघाले. त्यामुळे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. रानात तुरीचे एक झाड वाळले, तर तो खोड मोडले का, कुणी खुरपे लावले का, ते पाहतो. पण झाडामागून झाड, पट्टाच्या पट्टा वाळू लागला की तो ओळखतो, ही मर आहे. कोंबडीलाही हाच नियम लावा.

एकच कोंबडी बसून आहे आणि बाकीच्या खाऊन-पिऊन ठणठणीत आहेत, तर दुखणे बहुतेक तिच्या स्वतःच्या शरीराचे आहे. तिला घरी तपासता येते.

तासा-दोन तासांत एकदम पाच-सात कोंबड्या लटपटू लागल्या, तोंडातून लाळ गळू लागली, अंगाला झटके येऊ लागले, तर विषबाधेचा संशय घ्यावा. त्या दिवशी जवळच्या रानात फवारणी झाली होती का, दाणेदार कीटकनाशक टाकले होते का, औषध चोळलेले बियाणे उघडे राहिले होते का, याची आधी चौकशी करा.

दोन-चार दिवसांत एकामागून एक कोंबड्या बसू लागल्या, किंवा शेजारच्या वस्तीवरही तशीच तक्रार आहे, तर ती साथ आहे. तिथे घरचा उपाय चालत नाही. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

मोजणी काहीही निघो, आजारी कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. डालग्याखाली, सावलीत, वारा लागणार नाही अशा जागी कोरडे पाचट किंवा पोते अंथरून ठेवावी. पाचट बुरशी आलेले नसावे. त्या बुरशीने कोंबडीच्या फुफ्फुसाला नवाच रोग जडतो. तिची विष्ठा वेगळी दिसावी म्हणून खाली जुने वर्तमानपत्र टाकावे.

हात लावून तपासा

संध्याकाळी कोंबडी शांत असते. तिला मांडीवर घेऊन पुढील क्रमाने पाहावे.

तुरा : अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल, भरलेला असतो. फिका पडला तर रक्त कमी झाले आहे. जंत, उवा, गोचीड यांचा शोध घ्या. निळा-काळा पडला तर श्वास किंवा हृदय अडचणीत आहे. हे लक्षण गंभीर आहे.

डोळे, नाक, चोच : डोळ्यांना फेस, नाकाला चिकट पाणी, चेहऱ्याला सूज, चोच उघडी टाकून श्वास घेणे, घरघर. यांपैकी काही दिसले तर बाकीच्या कोंबड्या पुन्हा एकदा नीट पाहा, कारण सर्दी-पडशाचे रोग क्वचितच एकट्या कोंबडीपुरते राहतात. मात्र वैशाखातल्या दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. तो उन्हाचा त्रास असतो.

अन्नाची थैली : गळ्याच्या खाली, छातीच्या वर ही थैली असते. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी असली पाहिजे. सकाळीही दगडासारखी भरलेली लागली तर चारा अडकला आहे. पाण्याच्या पिशवीसारखी लागून चोचीला आंबूस वास आला तर अन्न आंबले आहे.

छातीचे हाड : हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले हवे. हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तर कोंबडी कित्येक दिवसांपासून झिजते आहे. पिसांमुळे हे वरून दिसत नाही, हातालाच कळते.

पोट आणि ओटीची हाडे : गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे लागतात. अंडी देणाऱ्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे मावतात. अंडी बंद असलेल्या कोंबडीत एखादे बोट मावते. पोट मऊ असावे. पखालीसारखे पाण्याने डबडबलेले किंवा कणकेच्या गोळ्यासारखे घट्ट लागले, तर आत बिघाड आहे.

गुदद्वार : ओलसर व रुंद असेल तर कोंबडी अंड्यावर आहे. भोवतीची पिसे विष्ठेने चिकटली असतील तर ती कोमट पाण्याने धुऊन, पिसे बाजूला करून उवा व लिखांचे पुंजके आहेत का ते पाहावे.

पाय : तळपायाला काळा खपला असलेला फोड आहे का, नडगीवरचे खवले उचलून पांढरी पूड साचली आहे का, तेही पाहावे.

विष्ठा : नेहमीची विष्ठा तपकिरी, घट्टसर आणि वर पांढरी टोपी अशी असते. दिवसातून काही वेळा पातळ, काळपट, उग्र वासाची विष्ठा पडते. ती निरोगी कोंबडीचीही असते, घाबरू नये. गडद हिरवी विष्ठा पडली तर कोंबडी उपाशी आहे किंवा रोग आहे. रक्त पडले तर डॉक्टर. कोंबडीने गुऱ्हाळावरची किंवा कारखान्यातून आणलेली मळी खाल्ली असेल तर पातळ विष्ठा होणारच, तो रोग नव्हे.

अंग हाताला गरम लागले म्हणून ताप आहे असे धरू नये. निरोगी कोंबडीच्या अंगातच १०६ ते १०७ अंश फॅरनहाइट उष्णता असते.

एकटीची दुखणी आणि घरचे उपाय

अंडे अडकणे : जुन्या कोंबडीत आणि चुना कमी पडलेल्या कोंबडीत हे जास्त होते. कोंबडी बसकण मारून कण्हते, शेपटी खालीवर करते, सारखी खुराड्यात जाऊन रिकामी परत येते. पोटाच्या मागच्या भागात अंडे हाताला लागते. घमेल्यात आपल्या हाताला सोसेल इतके कोमट पाणी घेऊन तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटे त्यात ठेवावा. मग अंग कोरडे करून गुदद्वाराला गोडे तेल लावावे आणि अंधाऱ्या, उबदार जागी सोडावे. पुष्कळदा तास-दोन तासांत अंडे येते. पोट दाबून अंडे फोडू नये. आत टरफल फुटले तर त्याच्या धारेने इजा होते आणि कोंबडी हातची जाते. दिवस उलटला तरी अंडे आले नाही, तर डॉक्टरांकडे न्यावी.

अंग बाहेर येणे : मोठे अंडे घालताना लालभडक मांस बाहेर येते. तिला त्याच क्षणी वेगळी करा. तांबडे दिसले की इतर कोंबड्या ते टोचून आतडी ओढतात. स्वच्छ कोमट पाण्याने धुऊन त्यावर साखर पेरावी. साखर सुजेतले पाणी ओढून घेते आणि मांस आकसते. मग तेल लावलेल्या स्वच्छ बोटाने हळूच आत सारावे. सभासदांच्या वाट्याच्या साखरेचा हा उपयोग पुष्कळांना नवा वाटेल. मात्र हे दुखणे उलटते. वारंवार होऊ लागले तर कोंबडी अंड्यावर ठेवण्यात अर्थ नाही.

पोटात अंडे फुटणे : पिवळा बलक वाटेवर न उतरता पोटातच पडतो आणि कुजतो. पोट फुगते, कोंबडी बदकासारखी फेंगडी, उभट चालते. आपण समजतो पोट भरले, आणि छातीचे हाड चाचपले तर सुरी. स्पष्ट सांगायचे तर जुनी कोंबडी यातून क्वचितच उठते. वयस्क कोंबडीच्या अंडाशयात गाठी होणेही सर्रास आढळते आणि लक्षणे अशीच असतात. डॉक्टरांना एकदा दाखवावे. ते नाही म्हणाले तर औषधावर पैसा घालू नये आणि जनावराचे हालही लांबवू नयेत.

थैली तुंबणे : लांब गवत, सुतळी, पाचटाचे धागे यांनी तुंबते. चमचाभर गोडे तेल थेंबाथेंबाने चोचीच्या कडेने द्यावे आणि थैली बोटांनी हलके चोळावी. दिवसभर खाणे बंद, पाणी चालू. कोंबडी उलटी टांगून पोट रिकामे करण्याची जुनी रीत सोडून द्यावी. पाणी श्वासनळीत जाऊन ती गुदमरते.

उवा, गोचीड, लाल किडे : तुरा फिका, अंडी कमी, कोंबडी खुराड्यात जायला नाखूश, अशी लक्षणे असतील तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहा. गोचीड आणि लाल किडे दिवसा फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात. खुराडे रिकामे करून फटी लिंपाव्यात, चुन्याचा दाट हात द्यावा, चार दिवस उन्हात ठेवावे. कोंबड्यांना राख आणि कोरड्या मातीचा खड्डा करून द्यावा. त्या स्वतः लोळून अंग झाडतात. जुन्या सभासदांना बीएचसी पावडर चोळलेली आठवत असेल. त्या पावडरीवर १९९७ पासून देशात बंदी आहे. उसाचे किंवा कपाशीचे कुठलेही औषध कोंबडीच्या अंगाला लावू नये. ते कातडीतून आत जाते आणि अंड्यातून आपल्या पोरांच्या पोटात येते.

जंत : कोंबडी खाते पण झिजते, विष्ठेत दोरे किंवा भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात. औषध वजनावर असते. अंदाजाने देऊ नये. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दवाखान्यातून जंताचे औषध घेऊन सगळ्या कोंबड्यांना एकाच वेळी द्यावे.

पातळ टरफल : एका अंड्याच्या टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. खुराकातून मिळाले नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. जुन्या कोंबडीची हाडे ठिसूळ होतात, पाय लुळे पडतात, ते यामुळे. शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी वेगळ्या वाटीत ठेवावी. जिला लागेल ती खाते. अंड्याची टरफले भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात.

उन्हाचा झटका : आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. जुनी, चरबी चढलेली कोंबडी आधी पडते. तिला सावलीत आणून पाय गार पाण्यात ठेवावेत, तुऱ्यावर पाणी शिंपडावे. नुसते मके खाऊ घालून कोंबड्या फुगवू नयेत. आणि पावसात भिजलेला, काळी-हिरवी बुरशी चढलेला मका तर मुळीच घालू नये. त्या बुरशीचे विष काळीज निकामी करते.

दुखणे कुठलेही असो, पहिले औषध पाणी. कोंबडी दोन दिवस दाण्यावाचून काढील, पाण्यावाचून नाही. लिटरभर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून काही तास ठेवावे, सोबत साधे पाणीही ठेवावे. मीठ यापेक्षा जास्त टाकू नये, कोंबडीला ते सोसत नाही. खायला ज्वारी-बाजरीच्या भिजवलेल्या कण्या, त्यात उकडलेले अंडे कुस्करून द्यावे.

अनेक कोंबड्या बसल्या तर

आपल्याकडच्या साथींत सर्वांत मोठी मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिमालयातल्या कुमाऊँ भागातील राणीखेत गावी १९२० ते १९३० या दशकात ती पहिल्यांदा आढळली म्हणून हे नाव पडले. इंग्लंडात त्याच सुमारास ती न्यूकॅसलला दिसली, म्हणून बाहेर तिला न्यूकॅसल म्हणतात. हिरवी हगवण, धाप, मान वाकडी होणे, पंख-पाय लुळे पडणे ही तिची लक्षणे सर्वांना ठाऊक आहेत. पण जुन्या कोंबडीत, विशेषतः जिला कधीकाळी लस टोचली होती तिच्यात, यांपैकी काहीच दिसत नाही. फक्त अंडी एकदम घटतात, आणि येतात ती वेडीवाकडी, पातळ टरफलाची. म्हणजे जुनी कोंबडी वरून धडधाकट राहते आणि पिल्ले पटापट मरतात. म्हणून सगळ्यांची अंडी एकाच आठवड्यात बिघडली तर तिला साथीची पहिली खूण समजावे.

दुसरा रोग कोंबड्यांचा कॉलरा. हा मोठ्या वयाच्या कोंबड्यांना जास्त होतो. रात्री ठणठणीत असलेली कोंबडी सकाळी मेलेली सापडते. जुनाट प्रकारात गळ्याखालचे कल्ले सुजतात. या रोगाला वैद्यकाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८७९-८० मध्ये याच रोगाचे जुने झालेले, जोर ओसरलेले जंतू कोंबड्यांना टोचले. त्या मेल्या नाहीत, आणि पुढे ताजे जंतू टोचले तरी तगल्या. प्रयोगशाळेत लस तयार करण्याची वाट तिथून मोकळी झाली. आज आपल्या पोरांना टोचतात त्या लसींच्या मुळाशी एका कोंबडीचा आजार आहे.

तिसरा रोग बर्ड फ्ल्यू. भारतात कोंबड्यांत तो पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये तो आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी आला. शेकडो कोंबड्या पटापट मेल्या आणि त्या परिसरातल्या बाकीच्या सरकारला नष्ट कराव्या लागल्या. तुरा-कल्ले काळेनिळे, डोके सुजलेले, नडगीवर रक्ताचे ठिपके आणि धडाधड मर, ही त्याची लक्षणे. हा रोग माणसालाही होऊ शकतो.

या तिन्ही रोगांत मेलेल्या कोंबडीकडे नुसते पाहून नाव सांगता येत नाही, डॉक्टरांनाही तपासणी करावी लागते. म्हणून रोगाचे नाव ठरवण्याच्या भानगडीत न पडता पुढील गोष्टी त्याच दिवशी कराव्यात.

(१) गावच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, नाहीतर पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. साथीच्या रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने असे कळवणे मालकाचे कर्तव्यच आहे.

(२) एकही कोंबडी किंवा अंडे वस्तीबाहेर जाऊ देऊ नये. पाहुण्याला भेट नाही, बाजार नाही.

(३) आजारी कोंबडी कापून खाऊ नये. कापणाऱ्याच्या हाताला, नाकाला आणि विळ्याला रोग चिकटतो.

(४) मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नये. तपासणीसाठी डॉक्टरांना हव्या असतील तर त्या होईपर्यंत झाकून ठेवाव्यात. नंतर विहीर-बोअरपासून दूर, कुत्रे उकरणार नाही इतका खोल खड्डा करून, चुना टाकून पुराव्यात. दुधनेच्या पात्रात, कॅनॉलमध्ये, उकिरड्यावर टाकू नयेत.

(५) आजारी कोंबड्यांचे काम सर्वांत शेवटी करावे, हातपाय साबणाने धुवावेत, त्या चपला घालून दुसऱ्याच्या वस्तीवर जाऊ नये.

"कळवलं तर सरकार सगळ्या कोंबड्या मारून टाकील" अशी भीती पुष्कळांना वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण हिशोब नीट मांडा. बर्ड फ्ल्यूमध्ये नुकसानभरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवण्यात जितके दिवस जातील तितके आपलेच नुकसान. मानमोडी किंवा कॉलरा निघाला तर राहिलेल्या कोंबड्या वाचवण्याचा इलाज लवकर सुरू होतो.

औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी

कोंबडी बसली की मेडिकलवरून माणसाची गोळी आणून, पाण्यात विरघळवून पाजायची, ही खोड वाढली आहे. मानमोडी आणि बर्ड फ्ल्यू विषाणूंचे रोग आहेत, त्यांवर कुठलीही प्रतिजैविक गोळी चालत नाही. जिथे चालते तिथे मात्रा आणि दिवस पूर्ण व्हावे लागतात. आणि औषध चालू असताना, व ते संपल्यावरही काही दिवस, त्या कोंबडीचे अंडे व मांस खाता येत नाही. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. कोलिस्टिन हे माणसाच्या जिवावरच्या दुखण्यात शेवटी वापरायचे औषध. पूर्वी ते कोंबड्यांच्या खाद्यातही घालत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांत त्यावर बंदी घातली, ती याच कारणासाठी. जंतू औषधाला सरावले की उद्या आपल्या घरातल्या माणसाला ते औषध लागू पडणार नाही.

लस : दहा घरांची एक कुपी

विषाणूच्या रोगावर खरा उपाय लसच. मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंबाने देतात, आणि पुढे आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बी टोचतात. पण लसीचा जोर कायम राहत नाही. आपण पिल्लांना देतो आणि जुनीला विसरतो. अंड्यावरच्या जुन्या कोंबडीला कुठली लस, केव्हा द्यायची, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आजारी कोंबडीला लस देऊ नये. लस बर्फातून आणावी, सकाळी गारव्यात द्यावी आणि उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

अडचण अशी की एका कुपीत १०० किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि आपल्या घरी कोंबड्या दहा. एकट्याने कुपी आणली तर नव्वद मात्रा वाया जातात, म्हणून कोणीच आणत नाही. सहकाराचा अर्थ आपल्याला निराळा सांगायला नको. दहा घरांनी मिळून एक कुपी आणली, एकाच सकाळी सगळ्या कोंबड्यांना दिली, की खर्च नगण्य होतो आणि गल्लीच्या गल्ली सुरक्षित होते. एका घराने लस दिली आणि नऊ घरांनी दिली नाही, तर साथीला नऊ दारे उघडी राहतात.

यासाठी गळिताच्या तोंडावरचा काळ महत्त्वाचा आहे. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की त्यांच्या गाड्यांसोबत त्यांच्या कोंबड्याही येतात. चार-पाच महिने त्या आपल्याच रानात, आपल्याच कोंबड्यांसोबत चरतात. त्यांच्याकडचा रोग आपल्याला आणि आपला त्यांना लागू शकतो. नुकसान मात्र त्यांचे जास्त. ज्याचे घर पाचटाच्या कोपीत आहे त्याच्या दृष्टीने चार कोंबड्या ही मोठी शिल्लक असते. तेव्हा मुकादमाशी बोलून टोळीच्या आणि वस्तीच्या कोंबड्यांना एकाच दिवशी लस द्यावी. दवाखान्याशी बोलून दिवस ठरवावा आणि गट ऑफिसात किंवा चिटबॉयला सांगून तो निरोप वस्तीवस्तीवर पोचवावा.

जुनी ठेवावी की काढावी?

जुनी कोंबडी कुचकामी नसते. देशी जातीची अनुभवी कोंबडी दहा-बारा अंडी एकवीस दिवस निष्ठेने उबवते, घारीपासून पिल्ले राखते. हे काम तरणी कोंबडी तितके चांगले करीत नाही. जी निरोगी आहे तिला या कामासाठी जरूर ठेवावी. पण एक पथ्य पाळावे. साथीतून वाचलेली कोंबडी वरून बरी दिसली तरी काही रोगांचे जंतू ती अंगात बाळगून असते. तिच्याखाली अंडी बसवू नयेत आणि विकत आणलेली नवी पिल्ले तिच्या खुराड्यात सोडू नयेत. नवी आणलेली कुठलीही कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवून मगच कळपात मिसळावी.

म्हणून सभासद भगिनींना विशेष विनंती. रोज सकाळी खुराडे उघडताना कोंबड्या नुसत्या मोजू नका, कोण उडी मारून बाहेर आली आणि कोण मागे रेंगाळली ते पाहा. महिन्यातून एकदा प्रत्येकीच्या छातीचे हाड चाचपा. अंड्यांचा हिशोब भिंतीवर रेघा ओढून ठेवा. आणि एखाद्या सकाळी जुनी कोंबडी कोपऱ्यात बसलेली दिसली, तर सुरी किंवा बाजाराची पिशवी हातात घेण्याआधी बाकीच्यांकडे एकदा नजर टाका. एकटीच असेल तर तिला पाणी, ऊब आणि दोन दिवस द्या. सोबतीला दुसरी बसलेली असेल तर दवाखान्यात आणि शेजारणीला, दोघांनाही त्याच दिवशी सांगा.